पोटभाडेकरूची आई

४ मार्च, मंगळवार

आज दोन घरांना कुलपं ठोकली! दोन्हीकडे मूळ धारकाचा पत्ता नाही, पोटभाडेकरू मात्र पाय पसरून. एकीकडे बाई म्हणाली, मी कामवाली आहे, मालक बाहेर गेलेत. म्हटलं, मग मालकाच्या गादीवर तुझं बाळ कसं झोपलंय? रडायला लागली. रडू दे. रडून घर मिळत असतं तर गृहनिर्माण मंडळाने अर्ज कशाला मागवले असते!

साहेब खूष. भरारी पथकाला लवकरच प्रमुख नेमायचा आहे, असं सहज बोलल्यासारखं बोलले. साहेब सहज काही बोलत नाहीत.

निघता निघता फोन. बाईचा आवाज, तोंडाला पदर लावून बोलावं तसा. "मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाळीचं दार आहे ना, तिथे बघा जरा. घर बस कंडक्टरचं, राहतात दुसरेच." तुम्ही कोण, विचारलं तर फोन बंद.

समोरच्या दारातली असणार. नेहमी समोरचीच असते.

५ मार्च

गेले. दारावर कंडक्टरच्या नावाची पाटी, चकचकीत पुसलेली. स्वतःच्या घरात राहणारा माणूस पाटी पुसतो का कधी? लपून राहणारा पुसतो.

आत तिघं. एक माणूस, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी. त्याची बायको, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करते. आणि म्हातारी. स्वयंपाकी म्हणाला, "कंडक्टर माझा मोठा भाऊ. ही आमची आई. दादाची ड्युटी लांबच्या गाडीवर असते, येऊन-जाऊन असतो." एका दमात म्हणाला. शाळेत कविता म्हणतात तसं.

धारकाबरोबर सख्खे नातेवाईक राहू शकतात हा नियम या लोकांना माझ्याइतकाच पाठ. आडनावही एकच निघालं! तेवढं बघूनच कंडक्टरने घर दिलं असणार यांना. जन्माचे दाखले? "जुन्या घराला आग लागली, त्यात गेले." सगळ्यांचे, एकदम. या वसाहतीतल्या माणसांची जुनी घरं फार जळतात.

म्हातारीला विचारलं, "आजी, मुलं किती तुम्हाला?" सून मध्येच पडली, "त्यांना काही विचारू नका हो, त्यांचं डोकं गेलंय." म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तोंडात एकही दात नाही.

७ मार्च, शुक्रवार

कंडक्टरला त्या घरीच बोलावून घेतलं. खाकी गणवेशातच आला. "माझंच घर आहे मॅडम. आई, भाऊ, वहिनी सगळे इथेच असतो."

धाकट्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणाला! पण मी तिथे अडवलं नाही. म्हटलं, छान. जरा बाथरूमचा दिवा लावा बरं.

त्याचा हात भिंतीवरून फिरत राहिला. एक बटण दाबलं, पंखा सुरू. दुसरं दाबलं, काहीच नाही. तिसरं दाबलं आणि माझ्याकडे बघून हसला. बाथरूमचं बटण आतल्या अंगाला आहे, हे मी परवाच बघून ठेवलं होतं. सून खाली मान घालून उभी. स्वयंपाकी डोळ्यांनी त्याला सांगायला बघत होता — आत, आत! मी हसू दाबलं नाही. कशाला दाबू?

ऑफिसात येऊन सांगितलं तर साहेब म्हणतात, "दिवा लावता आला नाही म्हणून कुणाचं घर काढून घेता येत नाही मॅडम. सुनावणीत टिकेल असं काहीतरी आणा. नातं खोटं आहे हे त्यांच्याच तोंडून यायला हवं."

त्यांच्याच तोंडून. बरं.

१० मार्च, सोमवार

मुद्दाम भर दुपारी गेले. स्वयंपाकी आणि सून कामावर. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप, आणि जाळीमागे खुर्ची ओढून म्हातारी बसलेली. पिंजऱ्यात पोपट असतो तशी.

मी पायरी चढताना तिने मान उचलली. "आलीस का गं ताई?"

मी नाही म्हणणार होते. खरंच. तोंडही उघडलं होतं. मग लक्षात आलं, हे तर दार आहे, आणि याला कुलूप नाही.

म्हटलं, "आले, आई."

११ मार्च

समोरचीला गाठलं. आधी कानावर हात. मग चहा केला आणि सुटली! ताई म्हणजे म्हातारीची मुलगी. कधीची रुसून गेलीये, या घरी कधी फिरकली नाही. म्हातारी एकदा उठून चालत पार बसस्टँडवर जाऊन बसली होती, तेव्हापासून कुलूप. मुलगा-सून सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात, दमलेले असतात, बोलत नाहीत. "ती दिवसभर जाळीतून हाका मारते हो. मी दार लावून घेते. किती ऐकायचं?"

आणि शेवटी — "माझं नाव नको हं पुढे यायला."

१३ मार्च

बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. जाळीतून एकेक आत सरकवायचं. ती आधी बोटांनी चाचपते, मग तोंडात ठेवते आणि विरघळायची वाट बघते. बघवत नाही.

"भाऊ कसा आहे, आई?" पहाटे जातो म्हणाली. मोठ्या पातेल्यांनी खांदा दुखतो त्याचा. "आणि कंडक्टर?" "कोण कंडक्टर?" "अगं, ज्याची पाटी आहे दारावर." ती माझ्याकडे बघत राहिली. "आज नाही गं आठवत. उद्या आठवेल."

डोकं गेलेल्या माणसाकडून माहिती काढणं म्हणजे ओल्या काड्यापेटीने स्टोव्ह पेटवणं. पण पेटेल.

१७ मार्च, सोमवार

आज एवढंच निघालं : या घरात येऊन दोन दिवाळ्या— नाही, तिने काय शब्द वापरला ते आठवत नाही. दोनेक वर्षं झाली, असा अर्थ. आणि कंडक्टरच्या नावे घर लागून सहा वर्षं झाली आहेत. म्हणजे आई आणि भाऊ चार वर्षं कुठे होते?

त्या बदल्यात बाईसाहेबांच्या लग्नाची सगळी गोष्ट ऐकावी लागली. साडी कुठली, कोण रुसलं, कोण पंक्तीतून उठून गेलं. जिन्यात बसून पायांना मुंग्या आल्या.

२० मार्च

नखं कापून घेतली माझ्याकडून! जाळीतून एकेक बोट बाहेर काढायची. "ताई, वाढली बघ, ओरखडे येतात." माझ्या पर्समध्ये नेलकटर असतो. दहाही बोटं. सरकारी वेळेत! वरच्या मजल्यावरचा एकजण जिना उतरताना थांबून बघत होता. त्याला म्हटलं, काय बघताय? स्वतःचं घर बघा. लगेच पळाला. माझ्यापुढे सगळेच पळतात, ही मजा आहे या नोकरीची.

काम किती झालं? "कंडक्टर येतो कधीतरी." बस्स. पुढचं उद्या म्हणाली.

२४ मार्च, सोमवार

मिळालं!!

फोन पदराखाली चालू ठेवला होता. शब्दन् शब्द स्वच्छ आलाय : "कंडक्टर ना? तो महिन्याला येतो. पैसे घेतो, पाणी पितो, जातो. माझा कुठला मुलगा तो! माझा एकच मुलगा. दुसऱ्यांची जेवणं रांधतो आणि आईला कुलपात ठेवतो."

साहेबांनी दोनदा ऐकलं. टेबलावर हात आपटला. "मॅडम, तुम्ही म्हणजे ना!"

माझे प्रश्न कापून टाकलेत. तिचंच बोलणं ठेवलंय. 'आई' म्हणणारा माझा आवाज कुणी ऐकायची गरज नाही.

२५ मार्च

काम झालं होतं. तरी गेले. वाटेतच होतं. पुड्यात बिस्किटं उरली होती, ती कोण खाणार?

२ एप्रिल, बुधवार

सुनावणी. म्हातारीलाही आणायचं असं मीच नोटिशीत घालायला लावलं होतं. सुनेने तिला चांगलं लुगडं नेसवून आणलं. कंडक्टर तिच्या शेजारी बसला, मध्येमध्ये "आई, पाणी हवं का?" विचारत. काय नाटक!

स्वयंपाक्याने कविता म्हटली. दादा, आई, लांबची गाडी. साहेबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. मी फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

खोलीत म्हातारीचा आवाज. माझा कुठला मुलगा तो!

सगळ्यात आधी फुटला तो कंडक्टर. "साहेब, मी ओळखत नाही या लोकांना! जबरदस्तीने घुसलेत!" साहेब म्हणाले, "मग मघाशी पाणी कुणाच्या आईला विचारत होतात?" शिपाईसुद्धा हसला.

स्वयंपाकी कुणाकडेच बघत नव्हता, फक्त आईकडे. हळूच म्हणाला, "आई, कुणाशी बोललीस तू हे?"

म्हातारी म्हणाली, "ताईशी."

त्याने डोळे मिटले. त्याला वाटलं, भ्रमिष्टासारखं बोलते आहे. सून मात्र सरळ तिच्या तोंडावर म्हणाली, "खाल्लंत? घर खाल्लंत आमचं? आता पोट भरलं?" म्हातारी तिच्याकडे बघून हसली. तेच बिनदाताचं हसू.

मला जिंकल्यावर भूक लागते. दोन प्लेट खाल्लं कँटीनमध्ये. त्यांच्या नाही, आमच्या.

३ एप्रिल

आदेश निघाला. कंडक्टरचं घर रद्द. पंधरा दिवसांत रिकामं करायचं.

यादीत पहिला नंबर एका विधवेचा आहे. तीन मुली घेऊन पुलाखाली राहते, दर सोमवारी ऑफिसात येऊन बाकावर बसते, काही मागत नाही. तिला मिळेल हे घर. हे लिहून ठेवते. कुणी मला दुष्ट म्हटलं तर त्याला त्या बाकाकडे बघायला सांगेन.

१७ एप्रिल, गुरुवार

घर रिकामं केलं.

दोन हवालदार, आमचा शिपाई, लाखेची मोहोर. घरच्यांनी स्वतःहून काही हलवलं नव्हतं, म्हणून आम्ही हलवलं. गादी, शेगडी, डबे, एक ट्रंक. जिन्यात ठेवलं सगळं. ट्रंक कोपऱ्यावर आदळून उघडली, आतून कपडे पायऱ्यांवर. सून एकेक गोळा करत खाली गेली. समोरचीचं दार बंद, पण फटीत तिचा डोळा दिसत होता.

स्वयंपाकी हात जोडून. "मॅडम, ही माहेरी जाईल. मी कँटीनच्या फरशीवर झोपेन. आईला कुठे ठेवू? आठवडाभर द्या फक्त. भाडं शोधतोय मी, या पगारात कुणी उभं करत नाही."

म्हटलं, "दोन वर्षं फुकटात कायदा मोडलात, तेव्हा आठवडे मोजले होते का?"

"फुकट नव्हतं, मॅडम. कंडक्टरला दर महिन्याला—"

"ते त्याला विचारा. आई कुठे ठेवायची हे मंडळाचं काम नाही."

सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात म्हातारी, शिपायाने तिला खुर्चीसकट जिन्याच्या तोंडाशी ठेवलं होतं, तिने माझ्यापुढे हात केला. सगळ्यांसमोर. बोटं पसरून. "ताई, नखं वाढली बघ."

मी मागे सरकले. स्वयंपाक्याने आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार वेळ लागला त्याला. मग एवढंच म्हणाला, "तुम्ही?"

मी शिपायाला ओरडले, मोहोर लाव! बघत काय उभा राहिलास?

१८ एप्रिल

समोरची ऑफिसात आली. पेढ्यांऐवजी अर्ज घेऊन! "माझ्या भाच्याला मिळेल का हो ते घर? तुम्हाला पहिला फोन मीच केला होता." नाव नको होतं ना बाईला! दारातून हाकलली.

दुपारी पथकप्रमुखाची ऑर्डर हातात आली. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. टाळ्या. घरी येऊन धाकट्या बहिणीला फोन केला, तिने उचलला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी दार उघडलं तर म्हातारी उंबऱ्याशी. गाठोड्यावर बसलेली, मांडीवर गोळ्यांची पिशवी.

"आलीस का गं" नाही. आज म्हणाली, "आले गं."

आमच्या सरकारी क्वार्टर्सचा वॉचमन म्हणे रिक्षातून एक माणूस सोडून गेला. "म्हणाला, मॅडमची आई आहे. मी म्हटलं, असेल."

स्वयंपाक्याला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. पोलिसांत देईन, नोकरी घालवीन, आईला टाकलीस नालायका. तो म्हणाला, "तिने ताईला सगळं सांगितलं. आता ताईने सांभाळावं. माझ्याकडे तिला कोंडायलाही दार राहिलेलं नाही."

पुन्हा लावला तर बंद.

२२ एप्रिल

चौकीत घेऊन गेले. हवालदार तोच, त्या दिवशी जिन्यात होता तो. म्हातारीला विचारलं, "आजी, या कोण?" "माझी ताई." माझ्याकडे वळून म्हणतो, "मॅडम, आईला असं चौकीत आणून सोडत नाहीत." मी ओळखपत्र त्याच्या तोंडासमोर धरलं. म्हणाला, ओळखतो ना तुम्हाला. सगळी वसाहत ओळखते.

वृद्धाश्रमात विचारलं. सोमवारी खाट रिकामी होईल म्हणाले. होईल म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

२३ एप्रिल

ऑफिसला तर जायला हवं. नवी जबाबदारी आहे. हिला मोकळं सोडलं तर बसस्टँड गाठेल.

बाहेरून कुलूप लावून गेले.

२५ एप्रिल, शुक्रवार

ती रात्री खोकते. भात मऊ करावा लागतो. माझी खुर्ची तिने खिडकीत ओढून घेतली आहे आणि दिवसभर तिथे बसते, संध्याकाळी आल्याबरोबर सुरू होते. कोण गेलं, कोण आलं, कुणी कुणाला काय म्हटलं. मी ओरडले, तोंड बंद ठेव जरा! पाच मिनिटं गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

शेजारच्या क्लार्कबाईंनी जिन्यात गाठलं. "पाहुणे आलेत वाटतं? किती दिवस?" गोड आवाज. क्वार्टर्समध्ये बाहेरचं माणूस ठेवता येत नाही, घरचंच हवं. तो आवाज मी ओळखते. याच आवाजावर माझी नोकरी चालते.

म्हटलं, "आई आहे माझी."

एका दमात म्हटलं.

२७ एप्रिल, रविवार

उद्या तिला वृद्धाश्रमात सोडायचं. तिची नखं कापायला बसले. अर्ध्यात म्हणाली, "तू ताई नाहीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ताईच्या दारातून मी परत आले आहे. ती कशाला येईल?"

विचारलं, मग सगळं सांगितलंस कशाला? मुलाचं घर जाईल हे कळत नव्हतं?

"कळत होतं की."

मग पहिल्याच दिवशी का नाही सांगून टाकलं? मला इतक्या खेपा कशाला घालायला लावल्या?

दुसरा हात पुढे करत म्हणाली, "सांगून टाकलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस?"